आजींना वजन उचलू द्या!

सीनियर सिटिझन्ससाठी बांधलेल्या गृहसंकुलांची ब्रोशर्स कधी नीट बघितली आहेत का? एक पांढऱ्या केसांचं जोडपं असतं. पांढरे शूज, पांढरे दात, मागे हिरवंगार लॉन. आजींच्या हातात गुलाबी डंबेल, साधारण टीव्हीच्या रिमोटएवढं. खाली यादी: जिम, स्विमिंग पूल, योगा हॉल, जॉगिंग ट्रॅक, मंदिर. मित्रांनो, माझं त्या यादीशी भांडण नाही. भांडण आहे त्या डंबेलशी. ते फार म्हणजे फारच हलकं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सबमिशनच्या दिवसांत हिला म्हाताऱ्यांचा व्यायाम कुठून सुचला? सुचला नाही, समोर आला. माझी आजी दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या अशाच एका संकुलात राहायला गेली. वय ७८. (आकड्यातच लिहिते. कॉन्व्हेंटवाल्यांना हा आकडा अक्षरांत लिहायला लावणं हा अन्याय आहे.) घरात भांडण वगैरे काही नाही, तिचा निर्णय तिचा होता, आणि जागा खरंच छान आहे. शेजार चांगला, डॉक्टर आवारातच, लाइट गेले तर जनरेटर.

पण त्या आधी ती वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायची. दिवसातून दोनदा जिना. भाजी चिरायला खाली बसून विळी. देवपूजेला पाट. संडास भारतीय पद्धतीचा. कपडे वाळत घालायला काठी. कोणी तिला ‘व्यायाम करतेस का?’ असं विचारलं असतं तर ती हसली असती, पण बसणं-उठणं, चढणं-उतरणं, हात वर करून ताणणं हे सगळं दिवसभर फुकटात चालू होतं. संकुलात लिफ्ट आहे, कमोड आहे, कॅन्टीनचा डबा दारात येतो, बाई येते, मशीन कपडे धुतं. एका झटक्यात तिच्या दिवसातल्या सगळ्या उठाबशा गेल्या. वर्षभरात सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकायला लागले. मग बसची पायरी उंच वाटायला लागली, म्हणून लायब्ररी बंद. विचारलं तर म्हणायची, “अगं, वय झालं आता.”

मला हे पटत नाही. वय तर वाड्यातही होतच होतं. जे बदललं ते लोडिंग!

म्हणजे बघा, जी जागा म्हाताऱ्या माणसाचे कष्ट वाचवायला बांधली आहे, तीच जागा त्याच्या मांड्यांमधली ताकद काढून घेते. सोयी वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. पण संकुलाने जे काढून घेतलं ते परत कुठेतरी, ठरवून, दिवसाच्या वेळापत्रकात घालायला हवं. आणि ते ‘हलकंफुलकं’ असून चालत नाही.

‘आता या वयात काय ताकद येणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग. साल १९९०, गाव बॉस्टन. तिथल्या वृद्धांच्या एका संस्थेत कायमचे राहणारे दहा जण घेतले, वय नव्वदीच्या आसपास, सगळे अशक्त. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचं वेट ट्रेनिंग दिलं. आठवड्यातून तीन दिवस, आणि वजन किती? तर प्रत्येकाला एका वेळेस जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेलं. आपल्या जिममधली मुलं लावतात त्या हिशोबाने! नऊ जणांनी कोर्स पूर्ण केला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी वापरायची सोडली. आणि मग ट्रेनिंग थांबवल्यावर चार आठवड्यांत कमावलेल्यातली बरीच ताकद गेलीसुद्धा, ३२ टक्क्यांनी उतरली.

दहा माणसांवर काय सिद्ध होतं, असं कोणी म्हणेल. म्हणून त्यांनीच १९९४ मध्ये तोच प्रकार १०० जणांवर केला, सरासरी वय ८७. दहा आठवड्यांत ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढायची शक्ती वाढली. काही जणांना व्यायाम न देता नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. टीव्हीवरची जाहिरात बघून आजोबांसाठी पावडरचा महागडा डबा आणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

मी मेकॅनिकलची, त्यामुळे मला हाडांची गोष्ट जास्त आवडते. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कलमन नावाचे इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते, ग्राफिक स्टॅटिक्सवाले. १८६६ च्या सुमारास फॉन मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद करून आतल्या जाळीची चित्रं काढली होती. ती बघून कलमनच्या लक्षात आलं की अशा आकाराच्या क्रेनमध्ये स्ट्रेसच्या रेषा जशा जातात, जवळजवळ तशाच या हाडाच्या आतल्या पट्ट्या आहेत. पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फ या सर्जनने यावर पुस्तकच लिहिलं: हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलते. भार आला की जाड होतं, भार गेला की विरळ. एसओएमच्या पेपरात आपण जे बीम सोडवतो ते बिचारे भार टाकला की नुसते वाकतात. हाड हा एकच बीम असा आहे जो वापरला नाही म्हणून बारीक होतो. अंतराळात महिनोन्‌महिने राहणाऱ्या तरण्याताठ्या अंतराळवीरांचीही हाडं विरळ होतात, म्हणून त्यांना रोज जवळपास दोन तास व्यायाम करावा लागतो. आपण आजीला कॉटवर बसवून ‘तू फक्त आराम कर’ म्हणतो तेव्हा तिला थोडंसं अंतराळातच पाठवत असतो.

आता संकुलात प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते, कारण सुट्टीत मी तिथे पंधरा-पंधरा दिवस राहते. सकाळी सातला हॉलमध्ये योगा. खुर्चीत बसून मान डावीकडे, मान उजवीकडे, बोटं उघडा, मिटा. मग दहा मिनिटं हास्यक्लब. (हास्यक्लब ही आपल्या मुंबईचीच देणगी बरं का. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये एका बागेत चार-पाच जणांना घेऊन सुरू केला आणि तो जगभर गेला.) मग चहा आणि पेपर. मला हे सगळं मनापासून आवडतं. एकट्या माणसाला सकाळी उठून आवरून जायला एक ठिकाण मिळतं, एखादी आजी आली नाही तर तिच्याकडे कोणीतरी फोन करतं. ही सोबत औषधासारखी आहे. पण हसून मांडीचा स्नायू वाढत नाही हो! आणि जॉगिंग ट्रॅकवरच्या फेऱ्यांनी दम वाढतो, बीपीला बरं, झोपेला बरं, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं ठोस काही हाती आलेलं नाही. तोल आणि ताकद यांचे व्यायाम केले तर मात्र कमी होतं. २०१९ मध्ये कॉक्रेनने शंभरावर चाचण्या एकत्र करून बघितल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत.

पडणं म्हणजे काय ते आजीच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या आजी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या आपल्या फ्लॅटवर परत आल्याच नाहीत. आता त्या संकुलाच्या नर्सिंग विंगमध्ये असतात. त्यांच्या दारावरची रांगोळीची पट्टी अजून तशीच आहे.

जिम आहे की, असं संकुलाची कमिटी म्हणते. आहे. बेसमेंटमध्ये. दोन ट्रेडमिल, एक सायकल, आणि किल्ली वॉचमनकडे. (हॉस्टेलवासीयांनो, ओळखीचं वाटतंय ना? आपल्या किल्लीचा शोध तर पीएचडीचा विषय आहे.) आजी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी कमिटीला अर्ज दिला की आम्हाला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट आणि पायाला बांधायची वजनं द्या. उत्तर आलं, “आजी, या वयात कोणाला काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

हाच तो प्रश्न. वजन उचलून काही झालं तर जबाबदारी कमिटीची, आणि वजन न उचलल्यामुळे खुबा मोडला तर ती नशिबाची! खातं कसं सोयीने मांडलंय बघा. काळजी घ्यायला नको असं नाही. हृदयाचं दुखणं, वाढलेलं बीपी, ठिसूळ झालेले मणके हे डॉक्टरने आधी तपासायलाच हवं, श्वास रोखून वजन उचलायचं नाही हे शिकवायलाच हवं. म्हणून तर फिजिओथेरपिस्ट मागितला होता, पहिलवान नाही.

अशा संकुलांची कल्पना अमेरिकेतून आली असं म्हणतात. तिथे डेल वेब नावाच्या बिल्डरने १९६० च्या १ जानेवारीला ॲरिझोनात ‘सन सिटी’ उघडली, तीही नुसती घरं दाखवून नाही तर गोल्फ कोर्स आणि करमणूक केंद्रही आधी तयार ठेवून. म्हणजे विकायची होती ती घरांपेक्षा दिनचर्या. आपल्याकडे फक्त यादी आली. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले, ते उत्तमच आहेत: एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, दारं ९०० मिलीमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. सिव्हिलवाल्यांनी पाठ करावेत. पण हे झाले इमारतीचे नियम. त्या बारा पायऱ्या चढायची ताकद आजीच्या पायात राहील का, हे ड्रॉइंगमध्ये दाखवता येत नाही, म्हणून तो कॉलमच नाही.

माझ्या मते सीनियर संकुलाला विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: इथल्या लोकांचं दर तीन महिन्यांनी माप कोण घेतं? माप म्हणजे वजन-उंची नाही. १९९९ मध्ये रिकली आणि जोन्स यांनी कॅलिफोर्नियात एक साधी टेस्ट पक्की केली. हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी (जमलं!) वयाच्या बाईला दहाही जमलं नाही तर पडण्याचा धोका धरतात. लागतं काय? खुर्ची, घड्याळ आणि एक वही.

आजीला गेल्या मे महिन्यात सहा जमले. कमिटीचा नाद सोडून तिघींनी मिळून स्वतःच्या खर्चाने एक फिजिओथेरपिस्ट ताई लावली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने १९९० च्या दशकात ऐंशी वर्षांच्या बायकांसाठी घरात करायचा एक कार्यक्रम बनवला होता, त्याच धर्तीवर: घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, ओट्याला धरून टाचेपुढे टाच टाकत चालणं, खुर्चीतून उठबस. अर्ध्या किलोपासून सुरुवात, सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. वाढवायचं हे महत्त्वाचं. सहा महिने तेच गुलाबी डंबेल हलवणं म्हणजे सहा महिने पहिलीचंच पुस्तक वाचणं. चार महिन्यांनी आजी दहावर आली. एन इज इक्वल टू वन, मला माहीत आहे, याचा ग्राफ निघत नाही. पण ती आता बसने लायब्ररीत जाते, आणि मला फोनवर विचारते, “तुझे किती होतात गं?”

आता आपल्याकडे वळते. आपलं एनएसएस युनिट दरवर्षी वृद्धाश्रमात जातं. केळी वाटतो, जुनी गाणी म्हणतो, ग्रुप फोटो काढतो, आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्या लोकांना विसरतो. आपण केळी दिली म्हणून कोणाला खुर्चीतून उठता आलेलं नाही. त्याऐवजी यंदा एकच आश्रम घेऊ, आणि बारा शनिवार जाऊ. व्यायाम आपण शिकवायचा नाही, त्यासाठी फिजिओथेरपी कॉलेजच्या इंटर्न्सना आणि त्यांच्या सरांना गाठू. आपलं काम हजेरी घेण्याचं, मापं वहीत लिहिण्याचं, आणि एखादे आजोबा ‘आज नको रे’ म्हणाले तर त्यांच्याशेजारी बसून त्यांना उठवण्याचं. घोट्याला बांधायची वजनं बाजारात महाग मिळतात. जाड कापडाच्या पिशव्या, धुतलेली वाळू आणि वेल्क्रो एवढ्यात होतात, वर्कशॉपच्या काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजून भरू. आणि बॉस्टनच्या त्या चार आठवड्यांचं लक्षात ठेवून, परीक्षा आल्या की कोण जाणार याची यादी आधीच करून ठेवू. प्रथम वर्षाच्या मुलांनी पुढे यावं, त्यांच्या परीक्षा वेगळ्या तारखांना असतात.

प्रोग्रॅम ऑफिसर सरांशी बोलले आहे, ते हो म्हणाले आहेत, फक्त वीस नावं हवीत. नावं लेडीज हॉस्टेलच्या आणि बॉईज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदावर लिहा. स्टॉपवॉच मी आणते. खुर्ची बिनहातांची, सरळ पाठीची आणि चारही पाय टेकणारी लागते, त्यामुळे कॉमन रूममधली एकही चालणार नाही. ड्रॉइंग हॉलमधल्या मिळतील का, हे कोणीतरी शिपाईकाकांना विचारा.