गिरणगावची भाकरी

लालबाग-परळच्या खानावळींत गिरणी कामगारांच्या ताटात भाकरी असायची. ती थापणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं. पुढे नाचणीसारख्या भाकरीच्या धान्यांसाठी भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आणि आता दुकानांत नाचणीची गोड बिस्किटं चढ्या भावाने मिळतात. ती घेऊ नका. साखरेने मूळ गुणावर पाणी पडतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. कोंड्यासकट दळल्याने तंतू टिकतात, मोड आणले तर लोह अधिक अंगी लागतं. वाढत्या मुलींना आणि पाळी गेलेल्या बायकांना या कॅल्शियमची खरी गरज आहे. भाकरी थापायला वेळ नसेल तर आंबील करा. कृती याच अंकात दिली आहे.