जक्कय उंबरावरून उतरला कशामुळे?

रविवारच्या शाळेत जक्कयाची गोष्ट सांगून झाली की शिक्षिका विचारतात, "मग आपण काय शिकलो?" मुलं एका सुरात म्हणतात, "लबाडी करायची नाही, गरिबांना द्यायचं!" सोनेरी वचन म्हणून घेतलं जातं, खाऊ वाटला जातो, वर्ग सुटतो. गोष्टीतला येशू मात्र उंबराखालीच राहून जातो.

लूकच्या १९व्या अध्यायात क्रम वेगळा आहे. जक्कयाने अर्धी मालमत्ता देऊ केली, लुबाडलेल्यांना चौपट भरपाई कबूल केली, ती नंतर. आधी येशूने त्याला नावाने हाक मारली आणि लोकांची कुरकुर अंगावर घेऊन त्याचं घर गाठलं. हा क्रम उलटला की शुभवर्तमानाचा मूल्यशिक्षणाचा तास होतो.

पाप, वधस्तंभ, तारण हे लहानांना झेपत नाही, आधी चांगल्या सवयी लागू द्या, असं मंडळीतली वडीलधारी माणसं म्हणतात. कोणी रॉबर्ट रेक्सचा दाखला देतात. ग्लॉस्टरमध्ये १७८० साली त्याने रविवारची शाळा काढली ती आठवडाभर राबणाऱ्या मुलांना अक्षर आणि वळण लावायलाच. खरं आहे, पण तिथे वाचायला बायबलच असे. शिवाय धाकट्याचं खेळणं मोडून पलंगाखाली लपवणाऱ्या पोराला पाप समजावून सांगावं लागत नाही. माफी कुठे मिळते, हे सांगणारं कोणीतरी त्याला हवं असतं.

नुसत्या वळणाने काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. फिल विशरने १९९३मध्ये 'व्हेजीटेल्स' ही चित्रमालिका सुरू केली. टोमॅटो आणि काकडी बायबलकथा सांगू लागले आणि ती घरोघर पोचली. त्याची कंपनी २००३मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे २०११मध्ये एका मुलाखतीत त्यानेच कबूल केलं, की दहा वर्षं आपण मुलांना ख्रिस्ती वागणूक शिकवली, ख्रिस्ती विश्वास शिकवलाच नाही. किती मोठ्या मनाची कबुली! त्याआधी, २००५मध्ये, ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी तिथल्या किशोरवयीनांचा अभ्यास मांडला होता. अनेकांच्या लेखी देव म्हणजे चांगलं वागा सांगणारा, अडचणीला धावणारा, एरवी लांबच असणारा कोणीतरी.

तरुण संघात गिटार, सहली, खेळ असावेतच. पण बारावीत नापास झालेला मुलगा तिथे येतो, तेव्हा 'चांगलं वागा' एवढ्याने त्याला उभारी येत नाही. आपण नापास असतानाही आपल्यासाठी कोणी जीव दिला, हे त्याला ऐकायला मिळायला हवं.

मेमधल्या सुट्टीतल्या बायबल शाळांनी एवढं करून पाहावं. 'आपण काय करायचं?' याच्या आधी 'येशूने काय केलं?' असं विचारावं. मुलं लगेच ओरडून सांगतील, "तो जक्कयाच्या घरी राहायला गेला!"