श्रद्धा आणि नीती यांचा पहिला पाठ

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात, जेथे शैव शिल्पकारांनी कातळात नृत्यमग्न शिव कोरला आणि सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलाखाली, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याच मंडपाचे प्रार्थनामंदिर करून वर विद्यालय बांधले, तेथे ख्रिस्ती ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्याने एकदा अवश्य जावे. कारण शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शिरोधार्य मानणाऱ्याने, हाती हुकमत असता, शेजाऱ्याच्या देवस्थानाशी कसे वर्तावे, हा नीतिशास्त्राचा प्रश्न तेथे पाषाणरूपाने उभा आहे.

त्रैक्य, देहधारण आणि तारण ही तत्त्वे ग्रंथांतून अवगत होतात. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंत मराठीनेही ती आपलीशी केली आहेत. गोरेगावच्या संत पायस विद्यालयात भावी धर्मगुरू त्यांचे रीतसर अध्ययन करतात. परंतु सिद्धान्ताची कसोटी आचरणातच लागते, म्हणून प्रस्तुत अंकात प्रत्येक तत्त्वाशेजारी त्यातून उद्भवणारे कर्तव्य मांडले आहे. श्रद्धावंताने ते चिकित्सेने वाचावे आणि अन्यधर्मीयाने आस्थेने, एवढीच आमची अपेक्षा.

— संपादक