धूर वेगाचा की कष्टाचा?

मॉडेल रेल्वेचं इंजिन चिमणीतून धूर सोडतं तेव्हा आत काहीच जळत नसतं. चिमणीखाली बोटाच्या पेराएवढी टाकी, तिच्यात एक तापणारी तार आणि बहुतेक वेळा एक वात. वरून शुद्ध खनिज तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे. तार तापली की तेलाची वाफ होते, बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक कण होतात, आणि आपण खूष! म्हणजे खरं तर धूर नाहीच, तेलाचं धुकं आहे. (तेल संपल्यावरही चालू ठेवलंत तर मात्र वात करपते आणि तारही जाते.)

इथपर्यंत ठीक. माझी तक्रार पुढे आहे. जुन्या पद्धतीच्या डीसी रुळांवर व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते, आणि तार तापते तीही त्याच व्होल्टेजवर. त्यामुळे गाडी हळू असताना धूर जेमतेम, सुसाट सुटली की लोटच्या लोट.

खऱ्या इंजिनात नेमकं उलटं! कसारा-इगतपुरीचा थळ घाट आठवा. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ. १९३० च्या सुमारास तिथे विजेची इंजिनं आली. त्याआधी वाफेवर काय होत असेल? सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीतून वर उसळते आणि जाताना भट्टीतून हवा ओढते. भार जितका जास्त, तितका भपकारा मोठा. गाडी मुंगीच्या पावलांनी आणि धूर आभाळाला! उतारावर तीच गाडी पळते, पण चिमणी जवळजवळ गप्प.

१९४० च्या दशकात अमेरिकेच्या लायनेलने चाकांना जोडलेला दट्ट्या बसवला. भपकाऱ्यांना ताल मिळाला, पण भाराचा पत्ता नव्हता. आता डिजिटल पद्धतीत रुळांत व्होल्टेज कायम असतं. डिकोडर मोटर, तार आणि पंखा वेगवेगळे चालवतो, आणि चांगला डिकोडर मोटरवरचा भार ओळखून धूर वाढवतो.

माझं मत विचाराल तर, धूर भाराशी जोडता येत नसेल तर बटण बंदच ठेवावं. आपण टायमरवर सरकणारे प्रोग्रेस बार लिहितो ना, त्यातलाच हा प्रकार. दिसतं सगळं, कळत काहीच नाही. खेळण्यातल्या गाडीकडे बघून पोराला एवढं तरी कळावं, की इंजिनाचा घाम पळताना नाही, चढताना निघतो.