तैलगंडूष : परंपरा आणि मोजमाप

चरकसंहितेने तैलगंडूषाची प्रशंसा केली आहे. तोंड भरून तेल निश्चल धरणे हा गंडूष. थोडे तेल खळखळवणे हा कवल. आज ‘ऑइल पुलिंग’ म्हणून प्रचलित आहे तो वस्तुतः कवलच.

थुंकलेला पांढरा द्रव म्हणजे शरीरातून ‘ओढलेले विष’, ही समजूत मात्र निराधार आहे. लाळेत विखुरलेल्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांमुळे प्रकाशाचे विकिरण होते. दूधही याच कारणाने पांढरे दिसते.

२०२२ साली ९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात लाळेतील जिवाणू घटल्याचे आढळले; दातांवरील कीटण व हिरड्यांची सूज यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे तेल पूरक ठरू शकेल, ब्रशला पर्याय नव्हे.

जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्यात पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात. दात घडतानाच इनॅमलमध्ये रुजलेले हे डाग कोणतेही तेल ओढून काढणार नाही. जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेने तेथे सुरक्षित पाणी आणि कॅल्शियमयुक्त आहार यांवर भर दिला. त्या आहारात आदिवासींची टाकळ्याची भाजीही होती.

तीही परंपराच, पण पारखून स्वीकारलेली. परंपरेचा खरा सन्मान असाच होतो.