मर्दानगीचा धूर

गणपतीत रत्नागिरीला गेलो होतो. एका संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर आमचा जुना कट्टा जमला. गप्पा झाल्या, भेळ झाली, एकेक जण पांगला. एक मित्र मात्र रेंगाळला. वय बत्तीस, लग्नाला दोन वर्षं, नोकरी झकास. तिसरी सिगरेट पेटवत हळूच म्हणाला, "तू पत्रकार ना? ती निळी गोळी चिठ्ठीशिवाय देणारा कुणी ओळखीचा आहे का रे?"

मी हसलो. तो हसला नाही.

सहा महिने 'जमत' नव्हतं. बायकोला वाटायचं, आपण याला आता आवडत नाही. याला वाटायचं, ऑफिसचं टेन्शन. आणि टेन्शन आलं की साहेब काय करणार? सिगरेट! दिवसाला पंधरा.

बॉस, लोचा तिथेच होता. डॉक्टर याला 'इरेक्टाइल डिस्फंक्शन' म्हणतात, थोडक्यात ईडी. (नोटीस पाठवणारी नव्हे, पण घाम तेवढाच फोडते.) ताठरता हा सगळा रक्ताचा खेळ. इच्छा झाली की नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि लिंगात रक्त भरतं. सिगरेटचा धूर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरच खराब करतो. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वर निकोटिन वाहिन्या आवळून धरतं. गोळी तरी काय करते? नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेलं काम लांबवते. सुरुवातच मंदावली, तर ती बिचारी काय करणार?

खरी भीती पुढेच आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार. म्हणून बिघाड आधी खाली कळतो आणि छातीत काही वर्षांनी. ही तक्रार ऐकल्यावर चांगला डॉक्टर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासायला लावतो, ते यासाठीच. आणि हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असताना कुणी परस्पर ही गोळी घेतली, तर बीपी धोकादायक कोसळू शकतं. चिठ्ठीशिवाय नको म्हणतात, ते उगाच नाही.

कॅनडाने २००० साली नियम करून पाकिटावर राख वाकून लोंबणारी सिगरेट छापायला लावली. खाली इशारा, तंबाखूने नपुंसकत्व येऊ शकतं. आपल्या पाकिटांवर कॅन्सरची चित्रं असतात, पण पाकीट बघतो कोण? सुट्या सिगरेटच्या विक्रीवर राज्यात २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर 'एक दे रे' चालूच आहे.

पण धुराइतकीच वाईट ती लाज. तीही कुठे, तर र. धों. कर्व्यांच्या जिल्ह्यात! दापोलीजवळच्या मुरूडचा हा माणूस १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होता. वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापून उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. आंबेडकरांनी. आणि नव्वद वर्षांनी आम्ही जेटीवर कुजबुजतोय!

शेवटी मित्र बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेला. तपासण्या झाल्या. हृदय ठीक निघालं, सिगरेट बंद झाली. परवा त्याचा फोन आला. "सहा आठवडे झाले. पहाटेचा अलार्म पुन्हा वाजायला लागलाय!" सगळ्यांचं इतक्या लवकर सुधारेल असं नाही. पण वय कमी असेल आणि डायबेटिससारखं दुसरं काही नसेल, तर सिगरेट सोडल्यावर अनेकांना फरक पडतो. एकट्याने सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकटातला नंबर आहे.

आणि हो, त्या संध्याकाळी मित्राला कंपनी म्हणून मीही एक ओढली होती. तेव्हापासून नाही. हा कॉलम लिहिताना दोनदा खाली टपरीवर जावंसं वाटलं. गेलो, आणि चहा पिऊन परत आलो.