सूर्योदय कोणाचा?

एकत्र कुटुंबांत एक तंटा नेहमींचाच असतो. पहांटे उठणारे वडीलधारे उशिरां उठणाऱ्यांस आळशी ठरवितात. आणि रात्रीं जागून वाचणारे तरुण हट्टानें सूर्योदयास मुकतात. या वादांत सूर्यास विनाकारण पक्षकार केलें जातें, असें आम्हांस वाटतें.

पुणें-सोलापूर रस्त्यावरील यवतचें उदाहरण घ्या. हें गांव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारें सव्वाआठ अंश पश्चिमेस आहे. त्यामुळें घड्याळांत दुपारचे बारा वाजतात, तेव्हां येथें सूर्य मध्यान्हीं यावयास सरासरीनें ३३ मिनिटें अवकाश असतो. जूनच्या आरंभीं सूर्य सहाच्या आधींच उगवतो खरा. पण जानेवारीच्या मध्यास सात वाजून गेल्यावर! तेव्हां ऐन थंडींत जागरण करणाऱ्यासही सूर्योदय आवांक्यांतला आहे. सूर्यास्त तर कोणाचीच झोंप मोडीत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, मुलांस दटावून उठविण्यापेक्षां एखाद्या सुटीच्या दिवशीं सर्वांनीं मिळून जवळच्या भुलेश्वराच्या डोंगरावर जावें. तेथें प्राचीन शिवालयाचें दर्शन घेऊन संध्याकाळ पाहावी. क्षितिजास टेकलेलें बिंब वस्तुतः त्याखालीं गेलेलेंच असतें. हवा किरणांस वांकवून तें आणखी क्षणभर आपणांस दाखविते, हें मुलांस तेथेंच समजावून सांगावें. मावळलेल्या सूर्यास हवा जर एवढी सवलत देते, तर उशिरां उठणाऱ्या मुलास घरानें थोडी द्यावयास काय हरकत आहे?